प्रोब उजळला, पण तोडला कोणी? डीएनए प्रोबने एन्झाइम मोजायला शिकताना

कोविडच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द कोकणातल्या वाडीवाडीत पोचला. त्या तपासणीच्या पोटात रंगाचा कण चिकटवलेला डीएनएचा एक बारीक तुकडा, म्हणजे प्रोब, काम करत होता, हे मात्र फार थोड्यांच्या कानावर गेलं. टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम पुढे सरकताना वाटेत आडवा आलेला तो तुकडा तोडतं, तुटला की तो चमकतो आणि यंत्र ती चमक मोजतं. तिथे हेतू होता विषाणू शोधण्याचा. आपण इथे हीच युक्ती उलटी वापरणार आहोत: तोडणारं एन्झाइम नमुन्यात आहे का, आणि असेल तर किती वेगाने काम करतंय, हे बघण्यासाठी.

हा लेख रत्नागिरी, दापोली, सावंतवाडी, अलिबाग अशा ठिकाणी एमएस्सीचा प्रोजेक्ट हातात घेतलेल्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहे. उदाहरणाला कोळंबी आणि कुर्ली घेतली आहे. ती जेट्टीवर मिळतात एवढंच कारण नाही. अटलांटिकच्या उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या कोळंबीपासून (पँडॅलस बोरिअॅलिस) आणि कामचाटका खेकड्यापासून मिळालेली डीएनए तोडणारी एन्झाइम्स जगभरच्या प्रयोगशाळा विकत घेतात. आपल्याकडे कोळंबी सोलली की डोकी सरळ कचऱ्यात जातात. त्या डोक्यात काय आहे, हे मोजायला सुरुवात करायची असेल तर डीएनए प्रोबइतकं सोपं आणि संवेदनशील साधन दुसरं क्वचितच असेल.

आत काय घडतं

प्रोब म्हणजे कारखान्यात बनवून घेतलेला डीएनएचा छोटा तुकडा. त्याच्या एका टोकाला फ्लुरोफोर असतो, म्हणजे निळा प्रकाश पिऊन हिरवा प्रकाश टाकणारा रेणू. सगळ्यात स्वस्त आणि सर्रास वापरला जाणारा फ्लुरोफोर म्हणजे फॅम. तो साधारण ४९५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो आणि ५२० च्या आसपास सोडतो. दुसऱ्या टोकाला क्वेंचर असतो. शेजारच्या फ्लुरोफोरची ऊर्जा तो गिळतो आणि स्वतः मात्र चमकत नाही. फॅमबरोबर बहुतेक वेळा बीएचक्यू-१ घेतात.

ही ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचं गणित थिओडोर फॉर्स्टर यांनी १९४८ साली मांडलं. त्यातला कामाचा भाग एवढाच की परिणाम अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. दोन टोकं ४-५ नॅनोमीटरच्या आत असली तर प्रकाश दबलेला राहतो. १० नॅनोमीटरपलीकडे गेली की क्वेंचर असून नसल्यासारखा. दुपदरी डीएनएमध्ये एका जोडीमागे ०.३४ नॅनोमीटर अंतर पडतं, त्यामुळे वीसेक अक्षरांचा प्रोब या हिशोबात नीट बसतो. एन्झाइमने मधे कुठेही तो तोडला की दोन्ही तुकडे पाण्यात वेगवेगळे भटकतात आणि हिरवा प्रकाश वाढायला लागतो. प्रकाश ज्या वेगाने वाढतो, तोच एन्झाइमचा वेग.

आणखी एक प्रकार आहे, केसातल्या पिनसारखा दुमडलेला प्रोब. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ साली मॉलिक्युलर बीकन या नावाने तो मांडला. त्याची दोन टोकं एकमेकांशी जुळून देठ बनतो आणि फ्लुरोफोर-क्वेंचर अगदी खेटून बसतात. म्हणून पार्श्वप्रकाश खूप कमी असतो. मात्र हा प्रोब न तुटताही नुसता उलगडला तरी चमकतो. हे आत्ताच डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

जाता जाता: हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या लाटा रात्री निळ्या चमकतात, त्या नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवामुळे. तो प्रकाश तो जीव स्वतः रासायनिक क्रियेतून तयार करतो. आपला प्रोब बाहेरून निळा प्रकाश दिल्याशिवाय काही देत नाही. नवखी मुलं या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात आणि तोंडी परीक्षेत अडकतात.

कोणतं एन्झाइम, ते आधी ठरवा

प्रोब मागवायच्या आधी हा निर्णय झाला पाहिजे. "डीएनए तोडणारं एन्झाइम" एवढ्याने भागत नाही. अशा एन्झाइमला डीएनेज किंवा न्यूक्लिएज म्हणतात, आणि प्रत्येकाची आवड वेगळी. डीएनेज-१ ला दुपदरी डीएनए आवडतो आणि मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतं. डीएनेज-२ आम्लात काम करतं आणि त्याला धातू लागत नाहीत. एस-१ न्यूक्लिएज एकपदरी डीएनए तोडतं, त्याला जस्त आणि पीएच ४.५ च्या आसपासचं आम्लधर्मी पाणी लागतं. ईको-आर-१ सारखं रेस्ट्रिक्शन एन्झाइम जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसल्याशिवाय हात लावत नाही. क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्रातलं कॅस-१२-ए आपलं लक्ष्य सापडलं की आसपासचा कुठलाही एकपदरी डीएनए कापत सुटतं. २०१८ पासून त्याच्यासाठी टीटीएटीटी हा अवघ्या पाच अक्षरांचा प्रोब वापरला जातो. तोच पाच अक्षरी प्रोब डीएनेज-१ समोर ठेवलात तर बराच वेळ काहीच घडल्यासारखं दिसणार नाही.

कोळंबीच्या डीएनेजसाठी मी दुमडलेला प्रोब सुचवेन. उदाहरणादाखल ही रचना घ्या: टीसीएजीएसीटीसीएटी, मग टीटीटीटी, मग एटीजीएजीटीसीटीजीए. पहिली दहा आणि शेवटची दहा अक्षरं जुळून देठ होतो, मधले चार टी म्हणजे वळण. फॅम पाच-प्राइम (सुरुवातीच्या) टोकाला, बीएचक्यू-१ तीन-प्राइम (शेवटच्या) टोकाला. यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. फॅमच्या अगदी शेजारी जी ठेवलेला नाही, कारण ग्वानिन फॅमचा प्रकाश स्वतःच खातं आणि तुटल्यावरही प्रोब मंदच राहतो. दुसरं म्हणजे देठ दहा जोड्यांचा आहे. पंधरा-सोळा जोड्यांचा केला असता तर एन्झाइमने मधे छेद दिल्यावरही उरलेले तुकडे ३७ अंशांना एकमेकांना धरून बसले असते आणि प्रकाश वाढलाच नसता. अगदी पाच जोड्यांचा केला तर डीएनेजला पकडायला पुरेशी जागा मिळत नाही. स्वतःची रचना केलीत तर एमफोल्डसारख्या प्रोग्रॅममध्ये ती कशी दुमडते ते बघूनच ऑर्डर द्या.

मागवणं, आणि पाऊस

ऑर्डर फॉर्मवर "एचपीएलसी शुद्धीकरण" निवडा. पैसे वाचवायला साधं डीसॉल्टिंग (नुसते क्षार काढणं) घेतलं तर नळीत मोकळा फॅम येतो, तो पहिल्या मिनिटापासून झगझगतो आणि तुमचा खरा सिग्नल त्याखाली गाडला जातो. प्रोब सुकवलेल्या अवस्थेत येतो. तो प्रवासात साध्या तापमानाला टिकतो, त्यामुळे कुरिअरवाल्याकडे बर्फाचा आग्रह धरू नका. एन्झाइमचं मात्र तसं नाही. ते बर्फातच यायला हवं. जुलैत घाटात दरड कोसळली की मुंबईहून निघालेलं पार्सल कुठल्या गोदामात किती दिवस पडेल सांगता येत नाही, आणि गणपतीत तर ते घ्यायला ऑफिसातही कोणी नसतं. एन्झाइमची ऑर्डर मेच्या आत उरकून घ्या.

नळी आल्यावर ती उघडायची घाई नको. आधी मिनिटभर सेंट्रिफ्यूज करा. भुकटी झाकणाला चिकटलेली असते आणि उघडताना उडते. फ्रीजरमधून काढलेली सुकी नळी तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडूच नका. आपल्या हवेत थंड नळीवर क्षणात पाणी धरतं आणि ते आत जातं. सिलिका जेल टाकलेल्या झिपच्या पिशवीत अर्धा तास ठेवलं की काम होतं.

विरघळवायचा हिशोब सोपा आहे. लेबलवर जितके नॅनोमोल लिहिले असतील त्याच्या दहापट मायक्रोलिटर द्रव घाला, १०० मायक्रोमोलरचा स्टॉक तयार. २३.४ नॅनोमोल असतील तर २३४ मायक्रोलिटर. द्रव म्हणून नेहमीचा टीई बफर वापरतात, पण त्यात १ मिलिमोलर ईडीटीए असतं आणि आपल्या एन्झाइमला लागणारे धातू ते पकडून ठेवतं. म्हणून ०.१ मिलिमोलर ईडीटीए असलेला टीई घ्या. या स्टॉकमधून १० मायक्रोमोलरचे छोटे-छोटे भाग करा, प्रत्येक नळी फॉइलमध्ये गुंडाळा आणि उणे २० ला ठेवा. एकच नळी रोज वितळवायची आणि पुन्हा गोठवायची, हे टाळा.

फ्रीजरबद्दल एक सूचना, कारण खरेदी समितीला ती कोणी सांगत नाही. "फ्रॉस्ट-फ्री" फ्रीजर बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून स्वतःच गरम होतो. घरी आईस्क्रीमला ठीक, एन्झाइमला वाईट. साधा, हाताने बर्फ काढावा लागणारा फ्रीजर घ्या, आणि आत जेलचा थंड ठोकळा ठेवून त्यात एन्झाइमच्या नळ्या खोचा. पावसात वीज गेली तरी दार न उघडता तो बराच वेळ धरून ठेवतो.

कोळंबीचा अर्क

मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बाजारातून कोळंबी घेताना बर्फाचा डबा बरोबर न्या. मेलेल्या कोळंबीत सगळ्यात आधी डोकंच काळवंडतं. तिच्या पाचक रसातली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स स्वतःच्याच पेशी खायला लागतात आणि तुमचं डीएनेजही त्यात जातं. डोक्याचं कवच उचललं की पिवळट-तपकिरी मऊ गोळा दिसतो, तो हेपॅटोपॅन्क्रियास, म्हणजे तिची पाचक ग्रंथी. कुर्लीतही कवच उघडल्यावर तसाच पिवळा भाग दिसतो. त्याच्या शेजारची केशरी लाख म्हणजे अंडी. ती घेऊ नका.

साधारण १०० मिलिग्रॅम गोळा १ मिलिलिटर थंड ट्रिस बफरमध्ये (२० मिलिमोलर, पीएच ७.८) प्लॅस्टिकच्या मुसळीने घोटा. मग ४ अंशांना १०,००० जी वेगाने पंधरा मिनिटं फिरवा. नळीत तीन थर दिसतील: वर चरबीचा केशरी-पिवळा पापुद्रा, मधे बऱ्यापैकी स्वच्छ द्रव, तळाला गाळ. पिपेटचं टोक नळीच्या बाजूने, चरबी न ढवळता मधल्या थरात न्या आणि तेवढंच उचला. वरच्या थरात ॲस्टाझँथिनसारखी रंगद्रव्यं असतात. ती नेमका निळा प्रकाश शोषतात, म्हणजे फॅमच्या तोंडचा घास पळवतात. मांसाचा तुकडा बरोबर आला तर त्यातलं ॲक्टिनही त्रास देऊ शकतं, कारण सुट्या रूपातलं ॲक्टिन डीएनेज-१ ला घट्ट धरून निकामी करतं.

प्रथिनं तुटू नयेत म्हणून इनहिबिटरच्या गोळ्या मिळतात. घेणार असाल तर "ईडीटीए विरहित" असं लिहिलेल्या घ्या. साधी गोळी घातलीत तर ज्याला वाचवायचं त्यालाच मारलंत.

अर्काचे १०, १००, १००० आणि १०,००० पट पातळ नमुने करा. नवख्यांना दहापटीवर थांबावंसं वाटतं. पाचक ग्रंथीत डीएनेज इतकं असू शकतं की दाट अर्कात पहिलं रीडिंग घेण्याआधीच सगळा प्रोब संपतो. आलेख सपाट येतो आणि "एन्झाइम नाही" असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात ते हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. सपाट रेष वरच्या पातळीवर आहे की खालच्या, हे बघायला विसरू नका.

प्रत्यक्ष रिॲक्शन

१० पट दाट बफर आधी करून ठेवा, म्हणजे अंतिम मिश्रणात ट्रिस २० मिलिमोलर (पीएच ७.८), मॅग्नेशियम क्लोराइड २.५ आणि कॅल्शियम क्लोराइड ०.५ मिलिमोलर राहील. प्लेटमधल्या १०० मायक्रोलिटरच्या एका खाचेसाठी (खाच म्हणजे प्लेटमधला छोटा खळगा): १० मायक्रोलिटर बफर, २ मायक्रोलिटर प्रोब (१० मायक्रोमोलरचा), ८३ मायक्रोलिटर न्यूक्लिएज-मुक्त पाणी. शेवटी ५ मायक्रोलिटर नमुना. प्रोब अशा रीतीने २०० नॅनोमोलर होतो. नमुना सोडून बाकी सगळं एकत्र मिसळून घ्या आणि मगच खाचांत वाटा; खाचागणिक वेगळं मिसळत बसलात तर पिपेटची चूक खाचागणिक वेगळी होईल.

प्रोब वापरण्याआधी ९५ अंशांना दोन मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवा. सावकाश थंड केला तर दोन प्रोब एकमेकांत गुंततात. झटक्यात थंड केला तर प्रत्येक जण स्वतःतच दुमडतो.

प्लेट काळी हवी. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या खाचेचा प्रकाश गळतो. ३७ अंशांना रीडरमध्ये ठेवून ४८५ ला उत्तेजन, ५२८ च्या आसपास वाचन, दर मिनिटाला एक रीडिंग, अर्धा ते एक तास. वर पारदर्शक फिल्म लावा, नाहीतर कडेच्या खाचा आटतात आणि नुसत्या आटण्यानेच प्रकाश वाढल्यासारखा दिसतो. पहिली दोन-तीन मिनिटं प्लेट तापत असते, त्या वेळची चढउतार मोजणीत धरू नका. शक्य असेल तर प्लेट आधी तापवा, मग नमुना घाला. आणि हातमोजे घाला. एप्रिल-मेमध्ये हातावरून ओघळणारा घाम आणि बोलताना उडणारी थुंकी, दोन्हींत डीएनेज असतं.

कंट्रोल: इथे घाई करू नका

माझं मत असं की या प्रयोगातला निम्मा वेळ आणि निम्मी प्लेट कंट्रोलला गेली पाहिजे. प्रोब उजळला याचा अर्थ फक्त एवढाच की फॅम आणि क्वेंचर लांब गेले. कोणामुळे गेले, हे प्रोब सांगत नाही.

पहिली जोडी सोपी. एका खाचेत प्रोब आणि बफर, नमुना नाही. ही रेष सपाट राहिली पाहिजे. चढली तर पाणी, बफर किंवा तुमचा हात दूषित आहे. दुसऱ्या खाचेत विकतचं डीएनेज-१ भरपूर. यात प्रोब पूर्ण तुटतो आणि प्रकाशाची कमाल मर्यादा कळते. या दोन्हींत निदान आठ-दहापट फरक हवा. दुप्पट-तिप्पटच असेल तर प्रोबची रचना किंवा शुद्धता बघा, नमुन्यावर वेळ घालवू नका.

तिसऱ्या खाचेत नमुना आणि बफर, प्रोब नाही. अर्कातली फ्लेविन्स ही पिवळी रंगद्रव्यं फॅमच्याच पट्ट्यात हिरवी चमकतात, म्हणून हा स्वतःचा प्रकाश वजा करायचा. चौथ्या खाचेत नमुना आणि क्वेंचर नसलेला, नुसता फॅम लावलेला तुकडा. हाच तुकडा साध्या बफरमध्ये जितका चमकतो तितकाच अर्कात चमकायला हवा. कमी चमकला तर अर्क प्रकाश खातोय. आणखी पातळ करा. ही चौथी खाच बहुतेक जण वगळतात, आणि मग "कुर्लीपेक्षा कोळंबीत एन्झाइम जास्त" असला निष्कर्ष काढतात, जो खरं तर अर्काच्या रंगातला फरक असू शकतो.

पाचवी, सगळ्यात बोलकी: नमुन्यासोबत १० मिलिमोलर ईडीटीए. ०.५ मोलरच्या स्टॉकमधलं २ मायक्रोलिटर घाला आणि पाणी तेवढंच कमी करा. ईडीटीए मॅग्नेशियम-कॅल्शियम पकडतं. प्रकाश वाढणं थांबलं तर काम धातूंवर चालणाऱ्या एन्झाइमचंच, हे बऱ्यापैकी पक्कं झालं. स्टॉकचा पीएच ८ आहे ना, ते तपासा. फॅम आम्लात मंद होतो. त्याचा कल साधारण ६.४ पीएचला बदलतो, त्यामुळे आम्लधर्मी ईडीटीए घातलं तर एन्झाइम थांबल्याचा भास होईल आणि प्रत्यक्षात रंगच झोपलेला असेल. याच कारणाने डीएनेज-२ सारखं आम्लात चालणारं एन्झाइम फॅमने थेट मोजू नका. ठरावीक वेळेला थोडं मिश्रण काढून दाट ट्रिसमध्ये टाका आणि मग वाचा, नाहीतर पीएचची फिकीर नसलेला साय-५ सारखा रंग घ्या.

सहावी, उकळलेला नमुना. पुस्तकात ही पहिली असते. मी मुद्दाम शेवटी ठेवली. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचं न्यूक्लिएज उकळलं तरी थंड झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतं. मासळी हाताळणाऱ्यांच्या त्वचेवरून हा जिवाणू मालात येऊ शकतो, आणि त्याचं उष्णता सोसणारं न्यूक्लिएज अन्नतपासणीत ओळखीची खूण म्हणून वापरलं जातं. उकळूनही रेष चढत राहिली तर कंट्रोल फसला असं धरू नका, कदाचित नमुन्यात पाहुणा आहे. त्याला कॅल्शियम लागतं, म्हणून तिथे ईजीटीए (मुख्यतः कॅल्शियम पकडणारं, ईडीटीएसारखं रसायन) घालून बघा. याच एन्झाइमसाठी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी असा प्रोब केला, ज्यातली बहुतेक अक्षरं २-ओ-मेथिल बदलाने झाकलेली आणि मधले फक्त दोन टी उघडे. शरीरातली नेहमीची न्यूक्लिएजेस त्याला तोडू शकत नाहीत, हा जिवाणू मात्र तोडतो. २०१४ साली त्यांनी तो जिवंत उंदरांमध्ये संसर्ग दाखवायला वापरला. प्रोबची निवड किती बारीक करता येते, याचा हा नमुना.

एवढं करूनही दुमडलेल्या प्रोबबाबत एक शंका उरते. एकपदरी डीएनएला चिकटणारी प्रथिनं त्याला न तोडता उलगडू शकतात. त्याचा निकाल जेलवर लावा: १५ टक्के पॉलिॲक्रिलामाइड जेलवर रिॲक्शन पळवा आणि निळ्या प्रकाशाखाली बघा. तुटला असेल तर चमकणारा पट्टा खाली, लहान तुकड्याच्या जागी दिसेल. नुसता उलगडला असेल तर पट्टा मूळ लांबीच्या जागीच राहील.

आकडा काढताना

यंत्र देतं ते नुसते प्रकाशाचे एकक. ते एका रीडरचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, आणि गेन (यंत्र प्रकाश किती वाढवून दाखवतं ती सेटिंग) बदलला तर स्वतःशीही जुळत नाहीत. म्हणून गेन सगळ्यात चमकदार कंट्रोलवर एकदा लावा आणि पूर्ण प्रयोगभर तसाच ठेवा. क्वेंचर नसलेल्या फॅम तुकड्याची ० ते २०० नॅनोमोलरपर्यंत पाच-सहा पायऱ्यांची रेष काढा.

समजा, रेषेवरून १ नॅनोमोलर म्हणजे ५० एकक आलं. नमुन्याची सुरुवातीची चढण, पार्श्वभूमी वजा करून, मिनिटाला २५० एकक. म्हणजे मिनिटाला ५ नॅनोमोलर प्रोब तुटला. १०० मायक्रोलिटरमध्ये ते ०.५ पिकोमोल होतं आणि नमुना ५ मायक्रोलिटर होता, तेव्हा वेग आला मिनिटाला ०.१ पिकोमोल प्रति मायक्रोलिटर. पातळ केल्याची पट गुणा, ब्रॅडफर्ड या रंगाच्या चाचणीने मोजलेल्या प्रथिनाने भागा.

चढण घ्यायची ती सुरुवातीची सरळ रेषा, प्रोबचा पहिला दहा टक्के भाग तुटेपर्यंतची. पुढे प्रोब कमी होतो आणि वेग आपोआप मंदावतो. दोन पातळ नमुन्यांचा हिशोब करून एकच उत्तर आलं तर समजा जमलं. शंभरपट आणि हजारपट नमुन्यांनी वेगळी उत्तरं दिली तर अर्कात काहीतरी अडवणारं आहे.

रीडर नसेल तर

फ्लुरोसन्स प्लेट रीडर महाग असतो आणि कोकणातल्या थोड्याच कॉलेजांत आहे. पण कोविडनंतर आरटी-पीसीआर यंत्रं बऱ्याच ठिकाणी पोचली, आणि त्यांतलं प्रत्येक यंत्र हा मुळात फॅम वाचणारा गरम ठोकळा आहे. प्रोग्रॅममध्ये ३७ अंशांना एक मिनिट, मग वाचन, असं साठ वेळा घाला. ९५ अंशांची पायरी काढून टाका. २० मायक्रोलिटरची रिॲक्शन पुरते, त्यामुळे प्रोबही पाचपट कमी लागतो. रॉक्स या तुलनेसाठीच्या दुसऱ्या रंगाचा संदर्भ बंद करा आणि यंत्राने आपणहून काढलेले सीटीचे (कितव्या फेरीत चमक दिसली त्याचे) आकडे बाजूला ठेवून कच्चा प्रकाश उतरवून घ्या. याच यंत्रात एन्झाइम न घालता प्रोब २५ पासून ८० अंशांपर्यंत तापवून बघा. देठ कुठल्या तापमानाला सुटतो ते कळेल. काम त्याच्या निदान दहा-पंधरा अंश खाली करा.

तेही नसेल तर ४७० नॅनोमीटरचा निळा एलईडी, नारिंगी फिल्टर आणि काळा खोका. फोन स्टँडवर, एक्स्पोजर आणि आयएसओ हाताने पक्के करून, दर पाच मिनिटांनी फोटो. वेगाचा अचूक आकडा मिळणार नाही. पण कंट्रोलच्या नळ्या शेजारी ठेवल्या तर आहे-नाही स्पष्ट दिसतं, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायला ही मांडणी मला रीडरपेक्षा जास्त आवडते.

हात बसल्यावर

डीएनेज जमलं की पुढचं पाऊल म्हणून युरासिल-डीएनए ग्लायकोसिलेज घ्या. डीएनए दुरुस्त करणारं हे एन्झाइम टोमास लिंडाल यांनी १९७४ साली शोधलं. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ते साखळी तोडतच नाही, फक्त चुकून आलेला युरासिल उपटून काढतं. त्याच्यासाठी देठात टीच्या जागी यू घातलेला प्रोब करतात. यू निघाले की देठ सैल पडतो, उघडतो आणि प्रकाश येतो. इथे उलगडणं हाच सिग्नल. गंमत म्हणजे या एन्झाइमला मॅग्नेशियम लागत नाही. आधी ज्या ईडीटीएने डीएनेज बंद केलं, तेच इथे सुरुवातीपासून मिश्रणात घाला: अर्कातली धातूंवर चालणारी न्यूक्लिएजेस गप्प होतात आणि ग्लायकोसिलेज एकटं काम करत राहतं. खात्रीसाठी यूजीआय हे छोटं प्रथिन मिळतं, ते फक्त यालाच अडवतं.

आणि वेळापत्रक आखताना मासेमारी बंदी लक्षात घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, तेव्हा समुद्रातली ताजी कोळंबी मिळणार नाही. खाडीतली कुर्ली किंवा तलावातली वन्नामेई जातीची कोळंबी मिळते, पण मधेच जात बदलली तर आधीच्या आकड्यांशी तुलना होत नाही. मे संपायच्या आत एकाच जातीचे, एकाच आकाराचे गोळे काढून, १००-१०० मिलिग्रॅमचे वेगळे भाग करून उणे ८० ला ठेवा. उणे ८० जवळपास नसेल तर प्रयोगच मेपर्यंत उरका आणि पावसाळा हिशोबाला आणि जेलला द्या.